बीड, पितळ आणि पाणी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला हिवाळा लोखंडाला फारसा छळत नाही. पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की हवेत ओलावा असा उरतच नाही. लोखंडावर खरी वेळ येते ती मार्च सरताना. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा सुटतो, एका दुपारीत अंगणातल्या बर्फाचा चिखल होतो, आणि कोठारात उभा असलेला टनाहून जड ट्रॅक्टर मात्र गेल्या आठवड्याच्या थंडीत गारठलेलाच असतो. ती उबदार हवा थंड बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, लागली की इंजिनाला, गिअरबॉक्सला, सगळ्यालाच पाणी सुटतं. हात फिरवला तर तळवा ओला होतो. बाहेरचं हे पाणी दिसतं, फडक्याने पुसता येतं. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या पोटातही तेच पाणी सुटलेलं असतं आणि तिथे कुणाची नजर जात नाही.

गेल्या शरदात मी माझ्या ट्रॅक्टरचा कार्बोरेटर पूर्ण खोलला, साफ केला आणि नवी सुई, नवे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे), नवी गॅस्केट घालून पुन्हा बांधला. तो टेबलावर तयार झालेला पाहून येणारा जाणारा एकच विचारायचा: आता हा गंजू नये म्हणून वरून काय मारणार? रंग, लॅकर, की नुसता तेलाचा हात? प्रश्न साहजिक आहे. इतके तास खपून चकचकीत केलेली वस्तू पुन्हा तांबडी पडताना कुणाला बघवेल? पण धातुशास्त्र शिकलेल्या आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईचं मत विचाराल, तर वरच्या लेपावर जेवढं बोललं जातं त्याचा चौथा हिस्साही आतल्या पाण्यावर बोललं जात नाही. आणि कार्बोरेटर निकामी होतो तो बहुतेक वेळा आतून.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘ट्रॅक्टरचा कार्बोरेटर’ हे ऐकूनच नवल वाटेल. आपल्याकडचे ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनाला पंप असतो, नोझल असतं, कार्बोरेटरचं तिथे कामच नाही. सातारा जिल्ह्यात आमच्या शिवारात मी लहानपणी पाहिलेले ट्रॅक्टर सगळे तसलेच. अमेरिकेतली शेती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षं पेट्रोलवर चालली. माझ्याकडे आहे तो फोर्ड ८एन, जुन्या शेतघराबरोबर कोठारासकट पदरात पडलेला. १९४७ ते १९५२ या काळात मिशिगनमधल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात हे ट्रॅक्टर बनले, पाच लाखांहून जास्त. खाली लाल, वर फिकट राखाडी. चार सिलिंडरचं, साधारण दोन लिटरचं, सहा व्होल्टच्या बॅटरीवर सुरू होणारं इंजिन.

याच्या जन्माची हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती मला फार आवडते. १९३८ साली हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. कागद नाही, सही नाही. फर्ग्युसनची तीन बिंदूंवर अवजार उचलणारी हायड्रॉलिक जोडणी आणि फोर्डचा कारखाना यांतून १९३९ साली ९एन निघाला. आज आपल्या गावात रोटाव्हेटर किंवा नांगर ज्या तीन पिनांवर अडकवतात, ती जोडणी घेऊन मोठ्या संख्येने शेतात उतरलेला हा पहिला ट्रॅक्टर. हेन्रीच्या नातवाने तो तोंडी करार मोडला, ८एन बाजारात आणला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ साली ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. असो. माझा ट्रॅक्टर त्या भांडणातलाच एक आहे आणि अजून नांगरतो.

त्याचा कार्बोरेटर मार्व्हल-शेब्लर कंपनीचा, टीएसएक्स जातीचा. याच कंपनीच्या नावाचे कार्बोरेटर छोट्या सेसना विमानांवरही बसत आले आहेत, म्हणजे वस्तू भरवशाची. दोन ओतीव तुकडे, दोन्ही बिडाचे. आत पितळेचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून सुई बंद करणारा पोकळ डबा, पितळेची सुई आणि तिची बैठक, पितळेचे जेट. थ्रॉटल आणि चोक यांचे दांडे पोलादी. हा इंजिनाच्या वर नाही, बाजूला खाली लटकतो. हवा खालून शिरते, पेट्रोल घेऊन वर मॅनिफोल्डमध्ये जाते. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये पंप नाही; पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. म्हणजे टाकीपासून नळीपर्यंत जिथे कुठे पाण्याचा थेंब तयार होईल, तो घरंगळत शेवटी याच्याच तळाच्या, पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत येणार. घरातलं सांडपाणी जसं मोरीत, तसं.

पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट. पाणी तळाशी बसतं, पेट्रोल त्याच्यावर तरंगतं आणि जेटकडे जाणारी वाट असते नेमकी तळाजवळ. जेटच्या बारीक भोकात पाण्याचा एक थेंब अडकला की पेट्रोलची वाट बंद. इंजिन गचके खातं, माणूस प्लग बदलतो, पॉइंट घासतो, आणि दोष तिकडे वाटीच्या तळाशी निवांत बसलेला असतो. उन्हाळ्यात एवढ्यावर भागतं. थंडीत तेच पाणी गोठून फुगतं आणि कधी कधी बिडाची वाटी तडकवतं. बीड वाकत नाही, फुटतंच.

आता गंजाकडे येऊ. कोरडं पेट्रोल विजेला वाट देत नाही. त्यात बीड आणि पितळ एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं बसले तरी त्यांच्यात काही घडत नाही. मध्ये पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. पितळ सुरक्षित राहतं आणि त्याच्या शेजारचं लोखंड झिजत जातं. म्हणून जुना कार्बोरेटर खोलला की सगळ्यात खोल खड्डे दिसतात ते पितळी जेट जिथे आटे घालून बसवलेला असतो त्याच्या भोवती, आणि वाटीच्या तळाशी, पाण्याची रेघ जिथवर पोचली असेल तिथवर. ती रेघ स्पष्ट दिसते. खाली तांबूस भुकटी, वर स्वच्छ बीड. रंगांवरून रोग ओळखता येतो: तपकिरी भुकटी लोखंडाची, पितळेभोवतीची हिरवट पूड तांब्याच्या क्षारांची, आणि चिवट पिवळसर थर म्हणजे वाळून गेलेल्या पेट्रोलचा राळेसारखा साका. कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा असेल तर पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते. तो जस्ताचा गंज.

यात इथेनॉलने भर घातली आहे. मक्याच्या शेतांच्या मधोमध राहून मी इथेनॉलला वाईट म्हणावं हे शेजाऱ्यांना रुचत नाही. अमेरिकेत सगळ्यात जास्त इथेनॉल आयोवातच बनतं आणि त्यावर इथल्या शेतकऱ्यांचं घर चालतं. साखर कारखान्यांच्या परिसरातून आलेल्या मला ते अर्थकारण परकं नाही. तरीही रसायन आपल्या जागी आहे. इथेनॉलला पाणी आवडतं. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं. ८एनच्या टाकीत दहा गॅलन, म्हणजे अडतीस लिटर पेट्रोल मावतं. त्याचा अर्धा टक्का जवळपास एक लहान पेला होतो. तेवढं पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेलं असलं तरी डोळ्यांना काहीच कळत नाही. मग एके रात्री तापमान घसरतं, पेट्रोलची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते, आणि पाणी बरोबरच्या इथेनॉललाही ओढून घेऊन खाली बसतं. हा खालचा थर विजेला वाट देतो, त्यात पुढे आम्लही तयार होतं, आणि तो थेट बीड-पितळेच्या सांध्यावर जाऊन बसतो. ज्या कार्बोरेटरने साध्या पेट्रोलवर चाळीस वर्षं काढली त्याला एक हिवाळा पुरतो.

म्हणून माझ्या ट्रॅक्टरला इथेनॉल नसलेलं पेट्रोल घालते. काही पंपांवर ते वेगळ्या नळीतून मिळतं, थोडं महाग असतं. रंगाच्या डब्यावर खर्च करण्यापेक्षा त्या नळीवर खर्च करावा, असं मी कुणालाही सांगेन.

तरीही एकदा खोललेला, घासलेला, गंज काढलेला कार्बोरेटर नुसता सोडून चालत नाही. गंज काढल्यावरचं बीड फार हळवं असतं. पाण्याने धुतलं आणि चहा ठेवायला आत गेलात, तर परत येईपर्यंत त्यावर केशरी छटा आलेली असते. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात, पृष्ठभाग सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. गंज काढायच्या पद्धती बऱ्याच आहेत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने वीज सोडतात. ती पद्धत चांगली, फक्त समोरचा बळीचा तुकडा साध्या लोखंडाचा हवा. स्टेनलेस स्टीलचा कधीही घेऊ नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मी पसंत करते ते गंजाला हळूहळू धरून सोडवणारे सौम्य द्रव. रात्रभर बुडवून ठेवायचं, आम्लासारखं ते चांगलं लोखंड खात नाही. पितळेचे भाग आधी सगळे काढून घ्यायचे. आतल्या वाटा पितळी तारेने मोकळ्या करायच्या, पोलादी तारेने नाही, नाहीतर भोकाचं माप बिघडतं आणि पुढे मिश्रण कधीच जुळत नाही.

त्यानंतर गरम पाण्याने धुणं, लगेच दाबाच्या हवेने प्रत्येक वाट फुंकणं आणि ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर अर्धा तास. हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा आहे. आंधळ्या भोकांत, आट्यांच्या बुडाशी जे पाणी लपतं ते दुसऱ्या कशानेच निघत नाही. तेच पाणी आत ठेवून वरून रंग मारला तर रंगाने पाणी कोंडलं, एवढंच होतं. पेट्रोलचा वास येणारा कुठलाही भाग मात्र ओव्हनच्या जवळ न्यायचा नाही. ओव्हनमध्ये जाईल ते आधी साबणाने धुतलेलं, वास पूर्ण गेलेलं बीडच.

मग फॉस्फेटचा थर. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

१९०६ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या टॉमस कॉस्लेट यांनी लोखंडाला फॉस्फोरिक आम्लाच्या गरम द्रावणात बुडवून गंजरोधक करायचं पेटंट घेतलं. पुढे ते हक्क अमेरिकेत पार्कर नावाच्या गृहस्थांकडे गेले, १९१५ साली डेट्रॉइटमध्ये कंपनी उभी राहिली आणि त्या नावावरून आजही बंदुका दुरुस्त करणारे या क्रियेला पार्करायझिंग म्हणतात. कल्पना साधी आहे. लोखंडाच्या पृष्ठभागालाच थोडं बदलायचं. लोखंड आणि फॉस्फेट मिळून राखाडी-काळसर स्फटिकांचा थर तयार होतो. तो वरून चिकटवलेला नसतो, लोखंडातूनच उगवलेला असतो, म्हणून रंगासारखे त्याचे पोपडे निघत नाहीत. थर सच्छिद्र असतो आणि तेल पिऊन घेतो.

हे वाचताना मला दरवेळी दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ आठवतो. सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या गंजाचा अभ्यास केला होता. त्या जुन्या भट्टीतल्या लोखंडात आजच्या पोलादाच्या मानाने फॉस्फरस बराच जास्त, पाव टक्क्याच्या आसपास, राहून गेला. सुरुवातीच्या गंजाबरोबर तो पृष्ठभागाशी साठला आणि तिथे लोह-फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट पदर तयार झाला. कॉस्लेट यांनी आम्लात बुडवून जे काही तासांत घडवलं, ते स्तंभावर पाऊस आणि ऊन यांनी वर्षानुवर्षं घडवलं. अर्थात दिल्लीची कोरडी हवा हाही त्या स्तंभाचा मोठा आधार आहे. तोच स्तंभ रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभा असता तर त्याची गोष्ट वेगळी झाली असती.

मी बाहेर उघड्यावर, हातमोजे घालून, मॅंगनीज फॉस्फेटच्या गरम द्रावणात दोन्ही बिडाचे तुकडे बुडवते. बुडबुडे येत राहतात, ते जवळजवळ थांबले की काढायचं, धुवायचं, पुन्हा वाळवायचं, आणि गरम असतानाच पातळ तेल चोळायचं. आतल्या वाटांत सुटे स्फटिक राहू नयेत म्हणून ब्रशने घासून हवेने फुंकायचं. आयडल जेटचं भोक मिलिमीटरभरही नसतं, एक कण पुरे. हा थर वाटीच्या आत कायमचा इलाज आहे असं मी म्हणणार नाही. पेट्रोल आतलं तेल धुऊन नेतं, आणि उघड्या फॉस्फेटची ताकद मर्यादितच. पण बांधणी आणि पहिली सुरुवात यांच्या मधल्या काळात तो बिडाला सांभाळतो, आणि नंतर एखादा थेंब तळाशी आलाच तर खड्डा पडायला वेळ लागतो.

वाटीच्या आतून टाकीला लावतात तसलं इपॉक्सी किंवा लॅकर फासायचा सल्लाही देणारे आहेत. माझा त्याला ठाम विरोध आहे. पेट्रोल आणि इथेनॉल त्याला मऊ करतात, कडा सुटते, आणि सुटलेला पापुद्रा सुईच्या बैठकीत जाऊन बसतो. मग फ्लोट वर येऊनही पेट्रोल थांबत नाही आणि खालून गळायला लागतं. गरम एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोल गळणं ही आगीची तयारी आहे. गंजलेला कार्बोरेटर फार तर ट्रॅक्टर बंद पाडतो.

बाहेरच्या रंगाबद्दल मी एवढं बोलले की कुणाला वाटेल मला तो नकोच आहे. तसं नाही. कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगावर एक गोष्ट घडते जी इंजिनाच्या बाकी भागांवर घडत नाही. आत पेट्रोलची वाफ होताना तो गार पडतो, तापमान वीसेक अंशांनी खाली येऊ शकतं. दमट दिवशी इंजिन तापलेलं असतं आणि कार्बोरेटरचा गळा मात्र ओला, कधी चक्क दहिवराने पांढरा. त्यामुळे तिथला रंग आधी उडतो. शिवाय वाटीखाली पेट्रोलचा थेंब कधीतरी पडतोच, आणि साधा इनॅमल रंग पेट्रोलला टिकत नाही. फॉस्फेटचा थर असेल तर त्यावर दोन भाग मिसळून लावायचा युरेथेन रंग चांगला बसतो. मात्र जिथे रंग लावायचा तिथे आधी तेल नको. उघडं बीड तसंच चकचकीत दिसावं म्हणून नुसतं पारदर्शक लॅकर मारणारे हौशी लोक आहेत. लॅकरच्या खाली एखादा सूक्ष्म ओरखडा पुरतो. तिथून गंज दोऱ्यासारखा पसरत जातो आणि लॅकर मात्र वर शाबूत दिसतं. दांडे, आटे आणि दोन तुकडे जिथे मिळतात त्या सपाट कडा, इथे रंग अजिबात नको. तळाच्या ड्रेन प्लगच्या आट्यांना मात्र न चिकटणारी पेस्ट जरूर लावावी, म्हणजे पुढच्या माणसाला तो प्लग उघडावासा वाटेल.

आयोवात माउंट प्लेझंट गावी १९५० सालापासून दरवर्षी लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुट्टीला जुन्या ट्रॅक्टरांचा आणि वाफेच्या इंजिनांचा मोठा मेळा भरतो. रांगेने शेकडो ट्रॅक्टर, प्रत्येकावर मालकाचा जीव. तिथे ऐंशीच्या पुढचे एक आजोबा दिसले. सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्यांनी काचेची बरणी कार्बोरेटरखाली धरली, प्लग उघडला, तिच्यात थोडं पेट्रोल काढलं आणि बरणी उन्हात धरून तळ निरखला. त्यांच्या कार्बोरेटरला रंग नव्हता, तेलकट काळपट बीड होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “वडील रोज करायचे. त्या वेळी पेट्रोल ड्रममध्ये यायचं, ड्रममध्ये पाणी असायचंच.” आजूबाजूला आरशासारखे चमकणारे कार्बोरेटर होते. त्या रांगेत मला हेवा वाटला तो आजोबांच्या कार्बोरेटरचा.

आमच्याकडे मृग लागायच्या आधी आणि हंगाम संपल्यावर नांगराचा फाळ माती काढून, घासून, त्यावर काळं ऑइल फासून ठेवायची रीत होती. माझ्या वडिलांचा त्यात कधी खाडा झाला नाही. फाळाला ते चालतं. कार्बोरेटरला जळकं ऑइल कधीही लावू नये, कारण इंजिनात वापरलेल्या तेलात पाणी आणि आम्ल दोन्ही साठलेलं असतं. स्वच्छ, पातळ, नवं तेल घ्यावं, तेही थोडंसं.

हिवाळ्यात कार्बोरेटर भरलेला ठेवावा की रिकामा, यावर इथे जुन्या ट्रॅक्टरवाल्यांत न मिटणारा वाद आहे. भरलेला ठेवला तर गॅस्केट ओली राहतात, हवा आत येत नाही, पण पेट्रोल वाळून साका होतो आणि पाणी तळाशी कोंडतं. रिकामा ठेवला तर साका नाही, पण उघड्या बिडाला दमट हवा भेटते. वाटीला हवेची वाट असतेच. दिवसा तापून ती हवा बाहेर टाकते, रात्री गार होऊन आत ओढते, आणि प्रत्येक वेळी थोडी ओल आणते. मी रिकामा ठेवते. शेवटच्या लिटरभर पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल मिसळते, इंजिन पूर्ण गरम होऊ देते, मग टाकीखालचा नळ बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते आणि शेवटी ड्रेन प्लग उघडते. आत तेलाचा पुसटसा हात राहतो. एअर क्लीनरच्या तोंडाला आणि एक्झॉस्टला तेलकट फडकं कोंबते, आणि ते विसरू नये म्हणून स्टिअरिंगला ठळक चिठ्ठी बांधते.

‘अधूनमधून दहा मिनिटं चालू करत जा’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण थंडीत तो घातक आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटरच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते बाहेर पडतं. दहा मिनिटांत तापत नाही. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये, तेलात, सगळीकडे बसतं. चालवायचं तर अर्धा-पाऊण तास काम देऊन चालवावं, नाहीतर वसंतापर्यंत हात लावू नये. बर्फ काढायला ट्रॅक्टर रस्त्यावर नेला असेल तर आल्यावर कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा. इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मिठाचा पातळ थर हवेतली ओल ओढून घेतो. स्वच्छ लोखंड साधारण साठ टक्के आर्द्रतेच्या खाली फारसं गंजत नाही, हे ब्रिटिश गंज-संशोधक व्हर्नन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं. मिठाची पुटं चढलेल्या लोखंडाला हा हिशोब लागू नाही, ते त्याहून कोरड्या हवेतही गंजतं.

बांधून ठेवलेला जादा कार्बोरेटर कुठे ठेवायचा हेही महत्त्वाचं. खत, युरियाची पोती, गुरांचा गोठा यांच्याजवळ कधीही नको. कारण पितळ. ब्रिटिश काळात भारतातल्या लष्करी तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. पावसाळा आला की तडकतात म्हणून तो ऋतूचाच दोष मानला गेला. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण उलगडून सांगितलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल, आणि दाबून आकार दिलेल्या पितळात कोंडलेला ताण. कार्बोरेटरचा फ्लोटही असाच, पितळेचा पत्रा दाबून केलेल्या दोन वाट्या डागून जोडलेल्या. त्याला केसभर चीर गेली की आत पेट्रोल शिरतं आणि फ्लोट बुडतो. आयोवात वसंतात शेतोशेती खताच्या अमोनियाच्या पांढऱ्या टाक्या फिरतात आणि कोठारात तो वास कळतो. माझा जादा कार्बोरेटर म्हणून घरात, कपाटात आहे. तेलाचा हात दिलेला, गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात गुंडाळलेला, पत्र्याच्या डब्यात. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. आत कोंडलेली हवाच तापमान उतरल्यावर पाणी सोडते.

पुण्या-मुंबईतल्या ज्या घरांत अजून जुनी चेतक किंवा येझदी जपून ठेवली आहे, त्यांना यातलं बरंच लागू पडतं. एप्रिल २०२०नंतरच्या नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच, पण जुन्या गाड्यांत तो आहे, आणि २०२५पर्यंत आपल्याकडच्या पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. तुमचा कार्बोरेटर बिडाचा नसेल. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल, म्हणजे तांबड्याऐवजी पांढरी बुरशी शोधायची. पावसाळ्यात गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करा आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटीला ड्रेन स्क्रू असेल तर उरलेलं एका काचेच्या बाटलीत घ्या आणि तळ बघा. नळ उघडा ठेवायची सवय घरात कुणाला असेल, तर त्याच्याशी आजच बोला.